त्या किड्यांचं पुढे काय झालं

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बघून घाबरू नकोस, हात पहिल्यापासून असाच चालतो, आणि शाळा सातवीत सुटल्यावर त्याला वळण लावायला कुणी उरलं नाही. एवढं लांब पत्र मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही. तुझ्या आईला लग्नाआधी एक लिहिलं होतं. त्यात चार ओळी होत्या आणि त्यातल्या दोन हवामानाबद्दल. ती अजून ते सगळ्यांना सांगते, अगदी दवाखान्यात रांगेत बसल्यावर शेजारच्या बाईलासुद्धा. फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोन हल्ली आईच्या उशाशी असतो. मी तुझ्याशी बोलायला लागलो की ती आधी स्पीकर लावायला सांगते. शिवाय तिने माझ्याकडून शब्द घेतलाय, की फोनवर तुला काही बोलायचं नाही. पत्राबद्दल ती काही बोलली नाही. हा माणूस पत्र लिहायला बसेल असं तिच्या डोक्यातच आलं नसेल.

तर मी आता खालच्या चष्मेवाल्याच्या दुकानात, त्याच्या आरशासमोरच्या स्टुलावर बसून लिहितोय. तो म्हणाला, काका, तुम्ही निवांत लिहा, मी पानांचे फोटो काढून ताईंना पाठवतो, टपालाची वाट कशाला बघता. भला माणूस आहे, फक्त सारखा चहा विचारतो. घरी सांगून आलोय की चष्म्याची दांडी सैल झालीय. ती खरंच सैल आहे, त्यामुळे अगदीच खोटं बोललो असं नाही. मध्येमध्ये मान वर केली की आरशात माझंच तोंड दिसतं. बरं दिसत नाही, म्हणून खाली बघूनच लिहितो.

इकडची खबर म्हणजे जिन्याचा कठडा शेवटी दुरुस्त केला, पण त्याला नुसता रंग फासलाय. आतला गंज खरवडलाच नाही. मी त्या माणसाला म्हटलं, बाबा रे, आधी घासून काढ, नाहीतर रंगाच्या आत तो खातच राहतो आणि एक दिवस हात ठेवला की कठडा हातात येतो. तो म्हणाला, आजोबा, तुम्ही आत जाऊन आराम करा. मी आलो आत. हल्ली सगळे मला आराम करायला सांगतात. तुझी आईसुद्धा. माझा गुडघा तसाच आहे. काळजी करण्यासारखं काही नाही, म्हणजे गुडघ्याचं.

तू मागच्या खेपेला आली होतीस, तो सकाळचा चहा आठवतो का तुला? मी तुला विचारलं होतं की तू तिकडे नेमकं करतेस काय, कारण लोक विचारतात आणि मला सांगता येत नाही. तू बशी बाजूला सारलीस आणि माझ्या कारखान्यापासून सुरुवात केलीस, ते मला फार आवडलं. म्हणालीस, बाबा, तुम्ही लोखंडावर जस्त का चढवायचात? मी म्हटलं, गंज चढू नये म्हणून. हवा लोखंडाला खाते, तर आपण वर जस्त देतो, म्हणजे ती आधी जस्ताला खाते. जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. तू म्हणालीस, शरीरातही तसंच असतं. श्वासातून आपण जी हवा घेतो, तिच्यावरच पेशींची चूल चालते आणि त्या चुलीतून ठिणग्या उडतात. त्या ठिणग्या पेशीलाच खायला लागतात, तो आतला गंज. आणि तो थोपवायला शरीरात पहारेकरी असतात, स्वतः झिजून घेणारे. रक्तात साखर साचली की ठिणग्या वाढतात आणि पहारेकरी पुरे पडत नाहीत, म्हणून आईचे डोळे, पाय आणि मूत्रपिंड सांभाळायचे, असंही तू बोललीस. मला एवढं सगळं कळलं याचा मलाच अचंबा वाटला. दोन-तीन लोकांना मी ते सांगितलंही. त्यांना कळलं नाही, पण मी सांगितलं.

मग तू तुझ्या किड्यांवर आलीस. काचेच्या बशीत राहणारे, डोळ्याला धड दिसतही नाहीत असे. त्यांच्या अंगातही इन्शुलिनसारखा एक निरोप फिरतो म्हणालीस. निरोप पोचला की पेशींना वाटतं, खायला भरपूर आहे, सगळं आलबेल आहे, आणि पहारेकरी घरी जाऊन झोपतात. तुम्ही त्या किड्यांमध्ये तो निरोप अडवलात, तर पहारेकरी जागे राहिले, गंज कमी चढला आणि किडे कितीतरी जास्त जगले. मी म्हटलं, अरे वा. तू म्हणालीस, पण. आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. सिलिंडरवाला आला होता. त्याच्याकडे सुटे नव्हते, माझ्याकडेही नव्हते, मी समोरच्यांकडे मागायला गेलो, तिथल्या बाईंनी गुडघ्याची चौकशी केली आणि मी परत आलो तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस. तो पण काय होता, ते माझ्या कानावर पडलंच नाही. तेव्हा मला त्याची चुटपुटही लागली नाही. आता दुसरं काही सुचत नाही. झोपताना, उठताना, जेवताना मी तोच विचार करत असतो की त्या पणच्या पुढे काय होतं.

तुझी आई त्या वेळी खिडकीपाशी माझ्या शर्टाला बटण लावत बसली होती. आपल्याला वाटलं, तिचं लक्ष नाही. तुला माहीत आहे, तिचं लक्ष नाही असं वाटतं तेव्हाच ते सगळ्यात जास्त असतं. रेनकोटच्या कारखान्यात ती शंभर मशिनांच्या आवाजात कोणती बाई कोणाविषयी काय बोलली ते ऐकून यायची. तू परत गेल्यावर तिने तुझा तो छापून आलेला लेख भिंतीवर लावला, जो तू दाखवायला आणला होतास आणि इथेच विसरलीस. त्यातलं अक्षरही तिला वाचता येत नाही. तुझं नाव कुठे आहे तेवढं तिने मला विचारून घेतलं. मग रेनकोटची उरलेली निळी पट्टी शोधून काढली आणि लेखाला चारी बाजूंनी शिवून कडा केली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. दूधवाल्यालाही दाखवला. तू इतक्या लांब गेलीस म्हणून ती वर्षानुवर्षं तुझ्यावर रुसून होती, ते तुला ठाऊक आहे. तिने ते कधी तोंडाने म्हटलं नाही, पण तुझा फोन आला की आधी मलाच घ्यायला लावायची. त्या लेखानंतर तो रुसवा गेला. आता तुझा फोन येतो तेव्हा ती आधी केस नीट करते, फोनवर काही दिसत नाही तरीसुद्धा.

इन्शुलिनचं इंजेक्शन तिला मीच देत होतो, हेही तुला माहीत आहे. सिस्टरने दोघांनाही शिकवलं होतं, पण ती म्हणाली, जन्मभर मी दुसऱ्यांच्या कापडात सुया खुपसल्या, आता माझ्यात खुपसायला दुसरा कुणीतरी हवा. त्यावरून आमची रोजची गंमत चालायची. रेनकोटच्या कापडाला एकदा भोक पडलं की ते मिटत नाही, म्हणून तिकडे सुई फार जपून टोचायचे. मी सिस्टरने सांगितल्याप्रमाणे रोज जागा बदलायला गेलो की ती म्हणायची, अहो, अशाने मला गळकी करून ठेवाल, पावसात बाहेर पाठवू नका. तिला टोचताना माझाच श्वास अडकायचा, आणि ती माझ्याकडे बघून म्हणायची, झालं का, की तुम्हालाच चक्कर येतेय. चष्मेवाल्याने आताच विचारलं, काका, हसताय का. मी म्हटलं, नाही.

मग एक दिवस ती म्हणाली, आजपासून मीच घेत जाईन, तुमचे हात थरथरतात. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. ती मोरीत जायची, दार ओढून घ्यायची, पदर नीट करत बाहेर यायची आणि म्हणायची, झालं. मी कशाला संशय घेऊ? पुढे तिची तहान वाढली. पाण्याचा तांब्या भरून ठेवला की रिकामा. सारखं मोरीत जाणं. मोरीच्या दारापाशी मुंग्या लागल्या, त्या मी पुसायचो, परत लागायच्या. तिचे ब्लाउज ढगळ झाले, तर तिने ते बसून आत घेतले आणि म्हणाली, बघा, या वयात बारीक झाले. साखर तपासायचं यंत्र बिघडलंय म्हणाली. मी त्यात नवा सेल घातला, तरी ते तिला बिघडलेलंच वाटलं. शेवटी मी फ्रिजमध्ये लोणी शोधत होतो, तर औषधाचं खोकं हाताला लागलं. भरलेलं. जसं आणलं तसं.

मी ते खोकं घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. मला वाटलं, ती रडेल किंवा चिडेल. तर ती म्हणाली, ठेवा ते आत, दार उघडं राहिलं तर दूध नासेल. मग मला खाली बसवलं आणि समजावल्यासारखं सांगायला लागली. तुझेच शब्द, एक इकडचा तिकडे नाही. निरोप अडवला की पहारेकरी जागे राहतात. आपली पोरगी त्यावर वर्षानुवर्षं डोळे फोडतेय, छापून आलंय, भिंतीवर आहे, आणि आपण घरात रोज त्याच्या उलट वागतोय. तुम्ही मला रोज टोचता आणि माझे पहारेकरी झोपवता. मी म्हटलं, अगं, ती शेवटी ‘पण’ म्हणाली होती. ती म्हणाली, पण कशाला नसतो.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीची चिठ्ठी बघून डॉक्टर जागेवरून उठलेच. त्यांनी स्पष्ट सांगितलं, तुमच्या शरीरात स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ राहिलेलं नाही, बाहेरून घेतलं नाही तर एक दिवस उलट्या सुरू होतील, श्वास जोरजोरात चालेल, शुद्ध जाईल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. आजच दाखल व्हा म्हणाले. तुझी आई शांतपणे ऐकत होती, ते दमल्यावर म्हणाली, डॉक्टरसाहेब, माझी मुलगी यातच शिकलीय, तुमच्याहून जास्त. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी टोपी शोधत होतो, आणि ती माझ्या डोक्यावरच होती. दाखल व्हायला ती तयार नाही, आणि तिला उचलून कोण नेणार? तुझी आत्या येऊन भांडून गेली. सिस्टर घरी येऊन हात जोडून गेली. सगळ्यांना ती चहा करून देते, लेख दाखवते आणि दारापर्यंत पोचवायला येते. आता दारापर्यंत येताना भिंतीला धरून येते.

मी काय काय केलं तेही सांगतो, म्हणजे निदान तुम्ही गप्प बसलात असं तू मला म्हणणार नाहीस. औषध चहात घालावं असं मनात आलं होतं, पण तूच एकदा सांगितलं होतंस की ते पोटात गेलं की पचून जातं, म्हणून तर टोचावं लागतं. दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा मी सुई तयार करून तिच्यापाशी बसलो. दंडावरून पदर सरकवला. तिने डोळे उघडले, ओरडली वगैरे नाही, एवढंच म्हणाली, अहो, तुम्ही कधीपासून चोऱ्या करायला लागलात? माझा हात तसाच खाली आला. आणि पोरी, तुझ्यापासून काय लपवू, मला मध्येच वाटतं, तिचंच खरं असलं तर? मी जस्ताच्या टाकीवर आयुष्य काढलेला माणूस. डॉक्टर एक सांगतात, तुझा लेख दुसरं सांगतो, आणि दोन्ही मला अर्धं अर्धंच कळतं. मी तिला सुई लावू बघतो तेव्हा मी तिला वाचवतोय की तिचे पहारेकरी झोपवतोय, हेच मला ठाम सांगता येत नाही. माझा आवाज त्यामुळेच चढत नाही. ती ते ओळखते. चाळीस वर्षं ओळखतेय.

तिचा श्वास काल संध्याकाळपासून वेगळा येतोय. तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. मी आज सकाळी विचारलं तर म्हणाली, पहारेकरी जागे झालेत, त्यांची धावपळ चाललीय. आणि हसली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. तू परत जायला निघालीस तेव्हा बॅग भरताना आईशी बोलली होतीस, की वरची माणसं म्हणतात, किड्यांवर किती दिवस घालवणार, माणसाचं काय ते दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. मला ते माहीत नव्हतं. तिने आज मला सांगितलं, मी तिच्या पायांना तेल लावत होतो तेव्हा. आपल्या घरी मी जेवताना कारखान्याच्या त्याच त्याच गोष्टी सांगायचो, तू कंटाळून उठून जायचीस. नवीन जस्त वितळवलं की चांगला माल आत घालण्याआधी आम्ही भंगारातला एक तुकडा तारेला बांधून बुडवून बघायचो. चढलं तर चढलं, नाही तर तुकडाच गेला. तुझी आई म्हणाली, तुम्हीच सांगायचात ना ते. पोरीला बुडवून बघायला माणूस मिळत नाहीये. मग मी कशाला आहे? म्हणजे तिला सुईचा कंटाळा नव्हता, भिंगरी. तुझ्यावर विश्वास होता तो होताच, पण ती तुझ्यासाठी तारेला लटकून बसलीय, आणि मी खाली उभा राहून बघतोय. आधी ठरवलं होतं की तुला सांगावं, किडे खोटे निघाले असं कळव तिला. पण मग ती त्या निळ्या पट्टीकडे कशी बघेल, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. म्हणून तेही सांगत नाही. तू फक्त तो ‘पण’ सांग. मला नको, माझ्या तोंडून तिला पटणार नाही, तिला सांग. हे वाचशील त्या क्षणी फोन कर, ती स्पीकर लावेल, लावू दे. त्या किड्यांचं पुढे काय झालं ते सांग, आणि माणसाला तुकडा समजायचं नसतं तेही सांग, तुझ्या भाषेत, मोठे शब्द वापरून सांग, म्हणजे तिला खरं वाटेल. दांडी घट्ट करून झालीय, चष्मेवाला फोन हातात घेऊन माझ्या शेवटच्या ओळीची वाट बघतोय. निघताना आई म्हणाली होती, पोरीने कधी विचारलं तर मी बरी आहे म्हणून सांगा. तिचा शब्द मोडवत नाही, म्हणून लिहितो. आई बरी आहे.

तुझाच,
बाबा